बंगलीतला दस्ता

माहनूर यवतमाळला शिकते. शनिवारी आली की घरी जायच्या आधी ती दुकानात डोकावते. पांढरकवड्याला हायवेलगत, ट्रक दुरुस्तीच्या गॅरेजांच्या रांगेत तिच्या आईबापाचं गाद्या-रजयांचं दुकान आहे. त्या शनिवारी ती आली तेव्हा तिची आई शमा नाकातोंडाला ओढणी बांधून पिंजायच्या मशीनमध्ये जुना कापूस सारत होती. दुकानभर पांढरा भुगा उडत होता.

"अम्मी, आमाले कॉलेजातून मोहदरीले नेलतं," माहनूर मशीनच्या आवाजावर ओरडली. "तुह्यं गाव ना ते? तेथं म्युझियम केलं आहे. जुन्या जिनातल्या बंगलीत. हे पाह्य."

मोहदरी म्हणजे घाटंजीच्या वाटेवरचं, कापसाच्या जुन्या जिनिंग कारखान्याचं गाव. शमा तिथं वाढली. लग्नाच्या आधीच सगळं घर पांढरकवड्याला आलं, त्यानंतर तिचं तिकडं जाणं झालं नव्हतं. तिनं ओढणी खाली ओढली, हात पुसले आणि मोबाइल घेतला. पायली, जातं, बैलांच्या घुंगुरमाळा, काच फुटलेला कंदील, कोलामांचा ढोल. ती बोटानं एकेक फोटो सरकवत गेली आणि एका फोटोवर थांबली.

डमरूसारखा लाकडी ठोकळा होता. मधे धरायची मूठ, मुठीवर पितळी तार गुंडाळलेली. एका टोकाला तापल्या खिळ्यानं डागलेले ठिपके.

शमानं मशीन बंद केली.

"हा दस्ता दादाजानचा आहे," ती म्हणाली.

दादाजान म्हणजे तिचे आजोबा, जातीचे पिंजारी. धुनकीच्या, म्हणजे पिंजायच्या मोठ्या धनुकलीच्या, ताणलेल्या तातीवर या दस्त्यानं ठोके मारत मारत त्यांनी आयुष्यभर गावोगावच्या रजयांचा कापूस पिंजला होता. मुठीला चीर गेली तेव्हा ती तार त्यांनी स्वतः बांधली होती.

बाहेर गिऱ्हाइकाशी बोलत असलेला मोईन, शमाचा नवरा, आत आला. त्यानं फोटो पाहिला आणि नेहमीसारखा हसला. "कोन्ता दस्ता? तू कुल्फीसाठी भंगारवाल्याले विकलता तो?"

शमा हसली नाही. आजवर दरवेळी ती थोडंसं तरी हसायची.

*

शमा सहावीत होती तेव्हा नागोराव गुरुजी मोहदरीच्या शाळेवर नवीन आले होते. इतिहास शिकवताना ते पुस्तक मिटून ठेवायचे. राजे झाले की मग गावाबद्दल बोलायचे, जिन कोणी उभारलं, बंगलीत कोण साहेब राहायचा, विहीर कोणी खोदली. एक दिवस त्यांनी सांगितलं, आपण प्रदर्शन भरवू, प्रत्येकानं घरातली सगळ्यात जुनी वस्तू आणा.

शमानं बापाला विचारलं. हबीब तेव्हा खांद्यावर धुनकी टाकून सायकलीनं खेडोपाडी फिरायचा. त्यानं थोडा विचार केला आणि भिंतीवरच्या खिळ्यावरून दस्ता काढून तिच्या हातात दिला. दादाजान त्याच वर्षी गेले होते.

"हरवू नको," तो म्हणाला. "गुरुजीच्याच हाती देजो."

तिनं तसंच केलं. गुरुजींनी दस्ता हातात तोलून पाहिला, तारेवरून अंगठा फिरवला आणि तिला वर्गापुढं उभं करून म्हणाले, सांग, हा कसा वापरतात. तिनं सांगितलं. हातवारे करून, तोंडानं तातीचा आवाज काढून सांगितलं. पोरं हसली, पण गुरुजी हसले नाहीत. त्यांनी मान डोलावली. शमाला शाळा कधीच एवढी आपली वाटली नव्हती.

प्रदर्शन गाजलं. निवडक वस्तू यवतमाळला, जिल्ह्याच्या प्रदर्शनाला गेल्या. इतरांच्या वस्तू हळूहळू परत आल्या, दस्ता आला नाही. शमा विचारायची, गुरुजी म्हणायचे, येईल. पुन्हा विचारलं तर कपाळाला आठ्या घालायचे. शेवटी हबीब स्वतः शाळेत गेला. भुवयांवर कापूस चिकटलेला, अंगात कामाचेच कपडे. त्या दिवशी नेमकी तपासणी होती. हेडमास्तरांच्या खोलीत साहेब बसले होते, चहा चालू होता. हबीबनं दारातूनच विचारलं. गुरुजींनी आधी साहेबाकडं पाहिलं, मग हबीबकडं.

"तुमच्या मुलीनं माझ्याजवळ असं काही दिलं नाही."

शमा बापाच्या मागंच उभी होती. "गुरुजी, तुमच्या हातात देल्ला ना," ती म्हणाली.

"पोरी, खोटं बोलू नये," गुरुजी म्हणाले. अगदी मायेनं म्हणाले.

सगळ्या वर्गानं पाहिलं होतं. हबीबनं त्यातल्या एकाही पोराला विचारलं नाही. गावात त्या आठवड्यात जुन्या सामानावर कुल्फी देणारा भंगारवाला येऊन गेला होता, एवढं त्याला पुरलं. शाळेच्या आवारातच, पाण्याच्या टाकीजवळ, त्यानं तिला मारलं. घरी नेताना वाटेत पुन्हा मारलं. दुसऱ्या दिवशी तिचं दप्तर माळ्यावर गेलं आणि तिच्या हातात रजई शिवायची मोठी सुई आली.

खोटारडी हे नाव मात्र शाळेतच राहिलं नाही, ते घरभर झालं. घरात काही सापडेनासं झालं की म्हणायचे, शमाले विचारा. धाकटा भाऊ अब्रार थाप मारू लागला की शमाची अम्मी म्हणायची, शमाची कसम खाय. मोईनच्या घरचे तिला पाहायला आले तेव्हा हबीबनं सगळ्यांदेखत सांगितलं, "पोरगी कामाची आहे. फक्त तिचं बोलणं अर्धं धराचं." सगळे हसले. शमा चहाचा ट्रे घेऊन उभी होती.

अम्मी वारल्यावर हबीब शमाकडंच राहायला आला. अब्रार हैदराबादला असतो, त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर आणि अब्बांना जिना जमत नाही. ऐंशीच्या पुढं गेलेल्या बापाचं खाणंपिणं, दवापाणी शमाच करते. जेवणात मीठ कमी लागलं की ती सांगते, डॉक्टरनं बंद केलं आहे. तो मोईनला हाक मारतो, "जावाईबाप्पू, खरं हाये का हे? का हिचंच हाये?"

*

शमानं घरात काही सांगितलं नाही. सोमवारी सकाळी दुकान मोईनवर टाकून ती काळीपिवळी जीपनं मोहदरीला गेली.

जिनाचं आवार आता ओसाड होतं. पत्र्याचे शेड केव्हाच विकले गेले होते, बोरीबाभळी माजल्या होत्या. कोपऱ्यातली बंगली तेवढी उभी होती. बसकी, कवेलूच्या छपराची, पुढं पडवी आणि आत तीन खोल्या. जिनाच्या साहेबासाठी बांधलेली. लहानपणी पोरं तिच्या खिडकीतून आत डोकवायला घाबरायची. आता तिला पिवळा रंग दिला होता, दारावर पाटी होती, पडवीत टेबल टाकून एक हसऱ्या चेहऱ्याचा माणूस बसला होता.

"या ताई. चपला इथं काढा," तो म्हणाला. तो गुरुजींचा मुलगा नयन. गुरुजी निवृत्त झाल्यावर बापलेकांनी ट्रस्ट काढून ही बंगली मिळवली होती.

दस्ता मधल्या खोलीत काचेच्या कपाटात होता. लाल कापडावर ठेवलेला. लाकडाला कसलं तरी तेल लावून चकाकी आणली होती. खाली छापील चिठ्ठी: 'पिंजाऱ्याचा दस्ता. कापूस पिंजण्याचे पारंपरिक साधन. संग्राहक: नागोराव गुरुजी.'

शमानं ती हळूहळू वाचली. मग आजूबाजूच्या चिठ्ठ्या वाचल्या. पाटलांची तलवार, देणगी अमुक पाटील. देशमुखांचा ग्रामोफोन, देणगी अमुक देशमुख. ढोलाखाली कोणाचं नाव नव्हतं. जात्याखालीही नव्हतं.

"गुरुजी आहेत का?" तिनं नयनला विचारलं. "मी त्यांची विद्यार्थीण आहे."

गुरुजी मागच्या अंगणात निंबाखाली खुर्ची टाकून बसले होते. खूप वाळले होते. बाजूला काठी, मांडीवर वर्तमानपत्र. तिनं नाव सांगितलं. त्यांनी चष्मा वर केला, तिच्याकडं बराच वेळ पाहिलं.

"हबीबची शमा," ते म्हणाले. "सहाव्या वर्गातली. बस."

ती बसली नाही. "आत दादाजानचा दस्ता आहे."

"आहे."

"म्या तुमच्या हातात देल्लता."

"हो," गुरुजी म्हणाले. "दिला होता."

एवढ्या सरळ उत्तराची तिची तयारी नव्हती. जीपमध्ये तिनं जे जे बोलायचं म्हणून जुळवलं होतं ते सगळं गेलं.

"मंग काहून नाही म्हणले?"

गुरुजींनी वर्तमानपत्राची घडी केली. "तो यवतमाळच्या ऑफिसात राहिला होता. तिथं कोणाला सापडत नव्हता. माझी नोकरी नवीन. समोर साहेब बसलेला. तुझा बाप दारात उभा. तोंडातून निघून गेलं. वाटलं, सापडला की देऊ, सारवून घेऊ. मग तू शाळेतच आली नाही."

"घर तं माहीत होतं."

"होतं." ते खाली बघू लागले. "दस्ता पुढं सापडला. मी तुझ्या अब्बाला…" ते थांबले. काठी उगाच या हातातून त्या हातात घेतली. "जाऊ दे ते. तू हुशार होती. वर्गापुढं काय बोलली होती तू, अजून आठवते मला."

शमाच्या डोळ्यांत पाणी आलं, त्याचाच तिला राग आला. "मले दस्ता नाही पाह्यजे, गुरुजी. राहू द्या येथंच. तुम्ही फक्त माह्या अब्बाले सांगा. त्यांच्या तोंडावर सांगा, का शमानं देल्ला होता. बस."

गुरुजींनी काठी खुर्चीला टेकवून ठेवली. "आण त्याला," ते म्हणाले. "त्यालाही यायला पाहिजे."

ती निघाली तेव्हा, दस्ता तिच्या दादाजानचा आहे एवढं ऐकून नयननं सगळं समजून घेतल्यासारखी मान हलवली. त्यानं तिचा नंबर घेतला. खऱ्या पिंजाऱ्याचं घर सापडलं, म्हणून तो फार खूश होता.

परतीच्या गाडीत शमा खिडकीशी बसली. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेली कपाशी होती. उतरल्यावर तिनं अब्बांसाठी बिनमिठाचे फुटाणे घेतले.

*

"गुरुजींनी बलावलं आहे तुमाले," तिनं संध्याकाळी सांगितलं. "दादाजानचा दस्ता त्यांच्याजवळ आहे. म्या डोळ्यानं पाह्यला."

तिला वाटलं होतं, अब्बा दचकतील, विचारतील, तिथं कसा गेला. हबीब फुटाणा चावता चावता थांबला. मग म्हणाला, "मी नाही येत. गुडघे दुखून राह्यले."

"मोईन गाडीनं नेईल."

"कायले जाचं पन? जुन्या गोष्टी."

पण दोन दिवसांनी नयनचा फोन आला. पुढच्या गुरुवारी छोटासा कार्यक्रम ठेवू, म्हणाला. हबीबचाचांचा सत्कार करू. गावचे सरपंच, पेपरवाले, शाळेची मुलं असतील. हबीबनं फोन स्पीकरवर ऐकला. सत्कार हा शब्द आला तसा तो ताठ बसला.

"गुरुजी बोलतील ना?" शमानं विचारलं.

"बोलतील तर! तेच तर मुख्य आहेत," नयन म्हणाला.

शमाला वाटलं, बरंच झालं. जे चार लोकांत झालं होतं ते चार लोकांतच पुसलं जाईल. गुरुवारी तिनं अब्बांचा पांढरा कुर्ता इस्त्री केला, दाढी नीट केली, कानामागं अत्तर लावलं. मोईननं दुकानाची व्हॅन काढली. माहनूरला यायचं होतं, पण तिची परीक्षा होती.

बंगलीच्या पडवीपुढं मांडव टाकला होता. खुर्च्या भरल्या होत्या. शमाच्या वयाच्या काही बायका तिथं होत्या. त्यातली एक, सत्यशीला, सहावीत तिच्या शेजारी बसायची. तिनं ओळखून शमाचा हात धरला आणि आपल्या बाजूला बसवून घेतलं. दस्ता कपाटातून काढून टेबलावर, फुलांच्या मधोमध ठेवला होता. हबीबला गुरुजींच्या शेजारी खुर्ची दिली. दोघे म्हातारे एकमेकांकडं वळले, हात जोडले, आणि मग समोर पाहू लागले.

नयननं खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. फोटो निघाले. मग गुरुजी काठीवर भार देऊन उभे राहिले.

"हा दस्ता हबीबभाईंच्या वडिलांचा," ते म्हणाले. त्यांचा आवाज अजून वर्गातला होता. "गरिबाच्या घरात बापाची आठवण म्हणून हीच एक वस्तू. मी म्हटलं, हबीबभाई, घेऊन जा. ते म्हणाले, गुरुजी, तुमच्याजवळच राहू द्या. एवढं मोठं मन. अशा माणसांमुळं ही बंगली उभी आहे."

टाळ्या वाजल्या. शमा वाट पाहत राहिली. गुरुजी आणखी काही बोलतील म्हणून ती पुढं झुकून बसली होती. गुरुजी खाली बसले.

नयननं माइक हबीबपुढं धरला. हबीबचे डोळे भरले होते. "हो," तो म्हणाला. "म्याच देल्ला. म्हणलं, आपल्या घरी खिळ्याले लटकून काय होते? गुरुजीजवळ राह्यला तं चार लोकं पाहतीन. माह्या बापाचं नाव होईन."

पुन्हा टाळ्या. शमा उठून उभी राहिली. तिला स्वतःचा आवाज लांबून आल्यासारखा ऐकू आला.

"अब्बा, तुम्ही नाही देल्ला. म्या देल्ला होता. आन् गुरुजी म्हणले होते का पोरीनं देल्लाच नाही. त्याच्यासाठी तुम्ही मले मारलं. येथंच, गावच्या शाळेत. माही शाळा गेली. गुरुजी, सांगा ना. तुम्ही सांगतो म्हणले होते."

सत्यशीला तिचा पदर ओढू लागली. गुरुजी काठीच्या टोकाकडं पाहत होते. त्यांचे ओठ हलले, पण माइक त्यांच्यापुढं नव्हता, आणि त्यांनी तो मागितलाही नाही.

माइक हबीबपुढंच होता. त्यानं कसनुसं हसून लोकांकडं पाहिलं.

"हिच्याकडं ध्यान नका देऊ," तो म्हणाला. "लहानपणापासून हिची सवय आहे. तिचं बोलणं अर्धं धराचं."

पुढच्या रांगेतले लोक हसले. वाईट बुद्धीनं नाही. म्हाताऱ्याची अडचण मिटावी म्हणून हसले. नयननं लगेच मुलांना गाणं म्हणायला उभं केलं. शमा खुर्च्यांच्या मधून वाट काढत बाहेर आली आणि व्हॅनमध्ये मागं, रजयांच्या गठ्ठ्यांवर जाऊन बसली. सत्यशीला मागून आली. खिडकीशी उभी राहून म्हणाली, "मले आठवते शमा. तू देल्ला होता. सगळ्या वर्गानं पाह्यलं होतं."

"मंग आत काहून नाही बोलली?"

सत्यशीलानं मांडवाकडं पाहिलं. "माह्या नातवाले नयनसरांनी शाळेत लावून देल्लं," ती म्हणाली. मग मांडवात परत गेली.

*

व्हॅन मोहदरीच्या बाहेर पडली. मोईन चालवत होता. हबीब पुढं त्याच्या शेजारी बसला होता, शाल अंगावरच होती.

"म्या खोटं नाही बोललो," तो अचानक म्हणाला. मागं न वळता. "देल्लता म्या."

"कवा?" शमानं विचारलं.

"तुह्यी शाळा सुटली त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात. घाटंजीच्या बाजारात भेटले गुरुजी. म्हणे, हबीबभाई, दस्ता सापडला, माही चूक झाली. पोरीले पाठवा शाळेत, मी तिले वर्गात घेतो. म्या म्हणलं, दस्ता राहू द्या तुमच्याजवळ."

मोईननं गाडीचा वेग कमी केला. मागून एक ट्रक हॉर्न वाजवत पुढं गेला.

"आन् शाळा?"

"तवा तू चांगल्या रजया भरू लागलती. तुह्या अम्मीले एक हात झालता."

"मले सांगतलं काहून नाही?"

हबीबनं शालीची झालर चिमटीत धरली. "चार लोकांत मारलं होतं तुले," तो म्हणाला. "मंग चार लोकांत कसं म्हनाचं का माह्यंच चुकलं? बाप होतो म्या. तवा माह्यं गावात नाव होतं. लोकं चाव्या देऊन जात माह्याजवळ."

"चार लोकांत नका सांगू. घरात? मले एकटीले?"

"काय फरक पडला असता?"

"अब्बा, तुम्ही आत्ता पण मले खोटारडी म्हणले. सगळं माहीत असून."

"तोंडाले सवय पडली," हबीब म्हणाला. मग त्याचा आवाज चढला. "आन् तुह्यं काय वाईट झालं? दुकान आहे, नवरा चांगला आहे, पोरगी कॉलेजात आहे. शिकून कलेक्टर होणार होती का? एक दिवस मले मान मिळाला जिंदगीत. तोही तुले पाहवला नाही."

मोईन आरशातून शमाकडं पाहत होता. भंगारवाल्याचा तो विनोद त्यानं नंतर कधीच केला नाही. पण त्याबद्दल तो बोललाही नाही.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं अब्रारला फोन लावला. "अब्बाले घेऊन जाय."

"काय झालं आपा?"

तिनं सगळं सांगितलं. त्यानं मधे मधे हं, हं केलं. शेवटी म्हणाला, "एवढ्या जुन्या गोष्टीसाठी? आपा, तू पण ना. अब्बाचं वय पाह्य. आन् आमचा जिना तुले माहीत आहे."

"उचलून ने."

अब्रारनं आज-उद्या केलं. मग मामा, चाची, घाटंजीची खालाजान, सगळ्यांचे फोन आले. म्हाताऱ्या बापाला घराबाहेर काढते म्हणून. शमानं कोणाला काही समजावलं नाही. ती हबीबला वेळेवर जेवण देत होती, गोळ्या देत होती, आंघोळीचं पाणी काढत होती. फक्त बोलत नव्हती. हबीबनं सुरुवातीला आरडाओरड केली, मग तोही गप्प झाला. माहनूर आली तेव्हा ती आजोबांच्या खोलीत गेली नाही. शमानं तिला सांगितलं, "तू जाय. तुह्यं भांडण नाही हे." माहनूर तरी गेली नाही.

अब्रार शेवटी गाडी घेऊन आला, बायकोसोबत. शमानं अब्बांची पेटी भरून ठेवली होती. कोणती गोळी सकाळची, कोणती रात्रीची, मीठ किती, पाय सुजले तर काय करायचं, हे तिनं भावजयीला नीट समजावून सांगितलं आणि पुन्हा म्हणून घेतलं. हबीब गाडीत बसला. काच खाली करून तो दाराकडं पाहत राहिला. शमा आत ओट्याशी उभी होती. तिला गाडी सुरू झालेली ऐकू आली, मग हायवेच्या आवाजात ती वेगळी ओळखू येईना.

हलकं वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं वाटलं नाही. पुढचे काही दिवस तिच्या हातून डाळीत मीठ कमीच पडत होतं आणि मोईन ती तशीच खात होता.

नयनचा एकदा फोन आला. चिठ्ठी बदलली आहे, म्हणाला. आता तिच्यावर देणगी हबीबमियाँ पिंजारी असं छापलं आहे, तुम्ही येऊन पाहा, फोटो काढा. गुरुजींची तब्येत बरी नसते, ते तुमची आठवण काढत होते. शमानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, दुकानात गर्दी आहे.

ईदच्या दिवशी अब्रारनं व्हिडिओ कॉल केला. आधी त्याची मुलं दिसली, मग भावजय. सगळे नवीन कपड्यांत होते. मग तो गॅलरीत गेला आणि आवाज खाली आणून बोलू लागला. अब्बा नीट खात नाहीत, दिवसभर खिडकीत बसून असतात, हैदराबाद त्यांना आवडत नाही.

"ते काय म्हणते, सांगू?" तो म्हणाला. "म्हणते, शमाले सांग, तिनं बंगलीत सगळ्यांपुढं माह्यी इज्जत काढली, त्याची एकदा माफी माग. मी सगळं विसरून परत येतो. आपा, एक शब्द तं आहे. म्हणून टाक ना. मी फोन देतो त्यांले."

स्क्रीनच्या कडेला अब्बांचा कुर्ता दिसत होता. ते जवळच उभे होते, ऐकत होते.

"पायाची सूज उतरली का?" शमानं विचारलं.

"थोडी आहे."

"मंग सकाळची गोळी चुकवत असतीन ते. पाह्य जरा," ती म्हणाली आणि फोन बंद केला.